इंजिनाच्या माथ्याखालचा पातळ पत्रा

ऐन उन्हाळ्यात कसाऱ्याच्या किंवा खंबाटकीच्या घाटातून एस. टी.ने जाताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभा असलेला एखादा जुना ट्रक तुम्ही पाहिलाच असेल. चाकांमागे दगड लावलेले असतात, क्लीनर डबा घेऊन पाण्याच्या शोधात निघालेला असतो आणि ड्रायव्हर वाफा सोडणाऱ्या रेडिएटरकडे बघत उभा असतो. ‘गाडी गरम झाली’ एवढेच तो सांगतो. पुष्कळदा कारण साधे असते. पंख्याचा पट्टा सैल झालेला असतो, किंवा रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी बुजलेल्या असतात. पण पाणी भरून, दहा किलोमीटर जाऊन तोच ट्रक पुन्हा उभा राहिला, तर जाणत्या मेकॅनिकला वेगळीच शंका येते. तो म्हणतो, “हेड गॅस्केट गेलेले दिसते.” हे ऐकून मालकाचा चेहरा उतरतो, कारण आता दोन-तीन दिवसांचे भाडे बुडणार आणि इंजिन उघडावे लागणार. इंजिन न उघडता तशीच गाडी हाकली, तर याहून मोठा खर्च पुढे उभाच असतो.

हे गॅस्केट म्हणजे काय? घरातील प्रेशर कुकरची रबरी रिंग आठवा. भांडे आणि झाकण कितीही चांगले असले, तरी रिंगेवाचून शिटी होत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. खाली सिलिंडर असलेला ओतीव लोखंडाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक. वर त्याचे जाड झाकण, म्हणजे हेड. या दोहोंच्या मध्ये एक-दोन मिलिमीटर जाडीचा, ठिकठिकाणी भोके असलेला पत्रा बसवून वरून बोल्ट आवळलेले असतात. हेच हेड गॅस्केट. फरक एवढाच की कुकरच्या रिंगेला फक्त वाफ अडवायची असते. गॅस्केटला मात्र जळते वायू, थंड करणारे पाणी आणि वंगणाचे तेल या तिघांनाही आपापल्या वाटेने जाऊ द्यायचे असते, आणि एकमेकांच्या घरात शिरू द्यायचे नसते.

वायूंचा जोर किती असतो, हे हिशेबानेच पाहू. टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डायम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. हे सहकार्य १९६९ साली संपले. पुढे टाटाच्या ट्रकांत ६९७ नावाचे डिझेल इंजिन येऊ लागले. नावातच त्याचे वर्णन आहे : सिलिंडर ६ आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. म्हणजे एका सिलिंडरच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ७४ चौरस सेंटिमीटर झाले. अशा इंजिनात हवा दाबून तिचे आकारमान सुमारे सतराव्या हिश्शावर आणतात. सायकलीत हवा भरताना पंप तापतो, तशीच ही हवाही तापते, आणि इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा सोडताच ते ठिणगीशिवाय पेट घेते. ज्वलनाच्या क्षणी दाब वातावरणाच्या ७० ते ८० पट होतो. आपण ७५ पट धरू. ७४ ला ७५ ने गुणले की ५,५५० येतात. म्हणजे प्रत्येक स्फोटाबरोबर हेडला वर उचलणारे बल साडेपाच टन वजनाइतके असते! बारा टनांच्या भरलेल्या ट्रकच्या वजनाच्या हे जवळजवळ निम्मे झाले. इंजिन मिनिटाला २,४०० फेरे करीत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये असा धक्का सेकंदाला वीस वेळा बसतो. एवढे बल सहन करून हेड जागचे हलू नये, हे काम बोल्टांचे असते. बोल्ट आवळला की तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि हेडला खाली ओढून धरतो. तुम्ही प्रयोगशाळेत तारेला वजने टांगून जो हूकचा नियम पडताळता, तोच येथे गॅस्केट दाबून धरीत असतो.

मग बिघाड होतो कसा? बहुधा त्याची सुरुवात अतितापाने होते. रेडिएटरमधले पाणी कमी झाले की हेड बोल्टांच्या मानाने अधिक तापते आणि अधिक प्रसरण पावते. पण वर बोल्टांची डोकी त्याला अडवून धरतात. मधल्या मध्ये चेपले जाते ते बिचारे गॅस्केट. इंजिन निवले की हेड पूर्ववत होते, पण चेपलेले गॅस्केट पुन्हा फुगत नाही. त्यामुळे बोल्टांचा ताण कमी होतो आणि पुढच्या स्फोटाला वायू फटीतून निसटायला वाट मिळते. निसटणारा वायू अत्यंत तप्त असल्याने ती वाट जाळत, रुंद करीत जातो. म्हणून गरम होणे हे गॅस्केट जाण्याचे कारणही असते आणि परिणामही. नुसते गॅस्केट बदलून मूळ कारण तसेच ठेवले, तर नवे गॅस्केटही महिन्या-दोन महिन्यांत जाते, ते यामुळेच.

गॅस्केट कोठे फुटले यावर लक्षणे ठरतात. सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्यामध्ये फुटले, तर वायू पाण्यात घुसतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, इंजिन पुरते तापायच्या आधीच रबरी नळी दगडासारखी कडक होते आणि रेडिएटर पाणी बाहेर फेकू लागतो. उलट, इंजिन बंद केल्यावर पाण्यातला दाब शिल्लक असतो आणि सिलिंडरमधला गेलेला असतो, तेव्हा पाणी सिलिंडरमध्ये झिरपते. सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते. येथे घाई करू नका. थंडीच्या सकाळी धडधाकट डिझेल इंजिनही पांढरा धूर सोडते. तो न जळलेल्या डिझेलचा असतो, त्याला उग्र वास येतो आणि इंजिन तापले की तो थांबतो. पाण्याची वाफ थांबत नाही, आणि रेडिएटरमधले पाणी मात्र कोठेही न गळता कमी होत जाते.

सिलिंडरमध्ये रात्रभरात बरेच पाणी साचले असेल, तर प्रकरण गंभीर असते. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. स्टार्टर मारताच वर येणारा दट्ट्या पाण्यावर आदळून अडतो, आणि त्याला जोडलेला दांडा वाकू शकतो. शंका असेल तर स्टार्टर न मारता आधी फवारणीचे नोझल काढून इंजिन हळूहळू फिरवतात, म्हणजे पाणी भोकातून बाहेर पडते.

दोन शेजारच्या सिलिंडरांमधली अरुंद पट्टी जळाली, तर पाण्याचे काहीच होत नाही. पण त्या दोघांतही हवा नीट दाबली जात नाही आणि घाटात ट्रकचा दम जातो. पाणी तेलात शिरले, तर डिपस्टिकवर दुधाळ, कॉफीच्या रंगाचे तेल दिसते. अशी गाडी तसूभरही पुढे नेऊ नये. बेअरिंगांना वेगळे ठेवणारा तेलाचा पापुद्रा पाण्याने तुटतो आणि धातूवर धातू घासू लागतो.

आता खरी परीक्षा. बुडबुडे दिसले म्हणजे हेड गॅस्केटच गेले, असे लगेच म्हणता येत नाही. हवेच्या ब्रेकच्या ट्रकला हवा भरणारा एक लहान कॉम्प्रेसर असतो, आणि पुष्कळ ट्रकांत त्याचे डोकेही इंजिनाच्याच पाण्याने थंड होते. त्याचे गॅस्केट फुटले, तरी रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात! मग फरक ओळखायचा कसा? उत्तर तुमच्या रसायनाच्या पुस्तकात आहे. कॉम्प्रेसरमधून येते ती साधी हवा. सिलिंडरमधून येतो त्या वायूत कार्बन डायऑक्साइड असतो. ब्रोमोथायमॉल ब्ल्यू या दर्शकाचा निळा द्राव या वायूने आधी हिरवा आणि मग पिवळा होतो. रेडिएटरच्या तोंडावरची हवा अशा द्रावातून ओढून घेण्याचे एक साधे उपकरण कार्यशाळांत वापरतात. शाळेत नळीने फुंकर मारून हा रंगबदल सहज पाहता येतो, आणि चुन्याच्या निवळीनेही तोच वायू ओळखता येतो. (नळीतून फुंकावे, द्राव तोंडात ओढू नये.) डिझेल इंजिन नुसते चालू ठेवले असता त्यात हवा गरजेपेक्षा पुष्कळ जास्त असते. त्यामुळे वायूत कार्बन डायऑक्साइड कमी असतो आणि रंग हिरव्यावरच थांबू शकतो. म्हणून ही परीक्षा इंजिनावर भार देऊन केलेली बरी. तेल दुधाळ होण्यालाही हेडला गेलेली चीर किंवा फुटलेला ऑइल कूलर कारण असू शकतो. लक्षणावरून थेट निकाल न देता संशयितांना एकेक करून बाद करीत जाणे, हीच चांगल्या मेकॅनिकची पद्धत. मला तर ती प्रयोगशाळेतल्या पद्धतीहून वेगळी वाटत नाही.

ही परीक्षा थंड इंजिनावर सुरू करायची असते. गरम रेडिएटरचे झाकण का उघडू नये, याचा हिशेब प्रत्येकाने एकदा करून पाहावा. झाकण आतला दाब वातावरणापेक्षा समजा अर्ध्या वातावरणाने जास्त ठेवते. तेव्हा पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे ११२ अंश सेल्सियस होतो. ११२ अंशांचे एक किलोग्रॅम पाणी आत आहे आणि झाकण उघडले. आता पाणी १०० अंशांवर यायलाच हवे. म्हणजे १२ किलोकॅलरी उष्णता जास्तीची झाली. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४० किलोकॅलरी लागतात, तेव्हा १२ किलोकॅलरींत सुमारे २२ ग्रॅम पाण्याची वाफ होईल. २२ ग्रॅम म्हणजे चार-पाच चमचे पाणी. पण त्याची वाफ सुमारे ३७ लिटर भरते! एका लिटर पाण्यामागे ३७ लिटर वाफ, आणि ट्रकमध्ये पाणी कितीतरी लिटर. ही वाफ उकळते पाणी बरोबर घेऊन तोंडावर येते. दरवर्षी कितीतरी ड्रायव्हर आणि क्लीनर यात भाजतात. वर ओले पोते टाकून झाकण उघडणे हा उपाय नव्हे. नळी हाताला मऊ आणि कोमट लागेपर्यंत थांबणे हाच उपाय. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी ओतणेही घातक असते. ओतीव लोखंड ठिसूळ असते. त्याचा एक भाग एकदम आकसला आणि दुसरा आकसला नाही, तर ते तडकते.

रस्त्यावरचा एक जुना तोडगा म्हणजे रेडिएटरमध्ये हळद टाकणे. रेडिएटरच्या बारीक भोकाला तो काही वेळ लागूही पडतो, कारण तेथे अडवायचा दाब जेमतेम अर्ध्या वातावरणाचा असतो. गॅस्केटच्या फटीत तो पंचाहत्तर वातावरणांचा असतो. तेथे हळदीचे काही चालत नाही, नळ्या मात्र बुजतात.

तेव्हा हेड उतरवणे आलेच. बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडेथोडे सैल करतात. मग हेडच्या तळावर सरळ पट्टी उभी धरून तिच्याखाली फीलर गेजची पाती सरकवून पाहतात. केसाच्या जाडीएवढी, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास फट सापडली, तरी हेड वाकले असे समजून ते यंत्रावर घासून सपाट करावे लागते. चीरही तपासतात. जुने गॅस्केट खरवडताना एक काळजी अवश्य घ्यावी. जुन्या ट्रकांच्या गॅस्केटांत तांब्याच्या पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस भरलेले असे. त्याची धूळ फुप्फुसांना अतिशय घातक असते, म्हणून ते ओले करूनच काढावे. त्यावर हवेचा झोत मारू नये किंवा कोरडा कानसकागद घासू नये.

नवे गॅस्केट बसवल्यावर बोल्ट मध्यापासून बाहेर, आणि एका दमात न आवळता तीन-चार टप्प्यांत आवळतात. कडेपासून आवळले, तर मध्ये फुगवटा राहतो. शेवटचा टप्पा टॉर्क पान्यानेच हवा. पान्यावरच्या आपल्या जोरापैकी फार थोडा भाग बोल्ट ताणण्यात जातो. सुमारे नव्वद टक्के भाग आट्यांतले आणि डोक्याखालचे घर्षण खाऊन टाकते. आटे गंजलेले असले, तर पाना आकडा बरोबर दाखवतो आणि बोल्ट मात्र पुरता ताणलेला नसतो. म्हणून आटे स्वच्छ करून, तेलाचे बोट लावूनच बोल्ट घालतात. जुन्या पद्धतीचे गॅस्केट पहिल्यांदा तापल्यावर थोडे बसते. त्यामुळे काही अंतर चालवून बोल्ट पुन्हा एकदा तपासावे लागतात.

इंजिन जोडून पाणी भरले, झाकण उघडे ठेवून ते सुरू केले, की पहिली काही मिनिटे पुन्हा बुडबुडे येतात. ते पाहून घाबरू नये. नळ्यांच्या कोपऱ्यांत अडकलेली हवा बाहेर येत असते. पाण्याची पातळी जराशी खाली जाते, वरून पाणी घालावे लागते, आणि हळूहळू पृष्ठभाग शांत होतो.