रिपोर्ट पाठवला, पण कुणाकुणाला?

नागपूरच्या धंतोलीत दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब आणि औषधांची दुकाने एकमेकांना लागून उभी आहेत. यवतमाळ, गडचिरोली, गोंदियापासून मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे पेशंट इथे येतात. पेशंट आत भरती, एक नातेवाईक बाहेरच्या बाकावर आणि बाकीचे घर गावाकडे, अशा वेळी रक्ताचा रिपोर्ट, औषधाची चिठ्ठी, बिल, सगळे काही व्हॉट्सअ‍ॅपवरून जाते. त्यात गैर काही नाही. मार्च 2020 मध्ये केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हा अशा चॅट अ‍ॅपवरून सल्ला देण्याची मुभा डॉक्टरांनाही मिळाली. पण या मोफत अ‍ॅपमधली सुरक्षितता नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे बहुतेकांना माहीत नसते. अ‍ॅप मेसेजला वाटेत सांभाळते. तो पाठवण्याआधी आणि पोचल्यानंतर त्याला सांभाळायचे काम आपले आहे.

जॅन कुम आणि ब्रायन ॲक्टन यांनी 2009 मध्ये व्हॉट्सअ‍ॅप काढले, तेव्हा मोबाइल नंबर हीच ओळख ठेवली. ईमेल नको, लक्षात ठेवायला पासवर्ड नको. म्हणूनच ते खेड्यातल्या आजीच्या हातातही सहज रुळले. एप्रिल 2016 पासून प्रत्येक मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवरच सांकेतिक रूपात बंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. मधल्या सर्व्हरला, म्हणजे कंपनीलाही, मजकूर वाचता येत नाही. ही सोय खरोखर मोठी आहे. मात्र मेसेज उघडला की हे संरक्षण संपते. आलेला फोटो आपोआप गॅलरीत उतरतो आणि तो फोन घरात ज्याच्या हाती पडेल त्याला दिसतो. चॅटचा बॅकअप गूगल किंवा ॲपलच्या खात्यावर जातो. तो बॅकअपही बंद कुलपात ठेवण्याची सोय 2021 मध्ये आली, पण ती आपण होऊन सुरू करावी लागते. सोयी बहुतेक सगळ्या आहेत, पण त्यांतल्या अनेक मुळात बंद असतात.

एक साधे उदाहरण घ्या. रिपोर्टच्या कागदाचा फोटो पाठवला की अ‍ॅप तो जलद जावा म्हणून लहान करते. त्यात दशांश चिन्ह पुसट झाले, तर क्रिएटिनिन 1.2 आहे की 12, हा प्रश्न पडू शकतो आणि किडनीच्या दृष्टीने या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तोच कागद ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला, तर फाइल जशीच्या तशी जाते. लॅबने दिलेली पीडीएफ असेल, तर तिचा फोटो काढून पाठवू नये. तीच फाइल पुढे पाठवावी. त्यासाठी वेगळे कौशल्य लागत नाही, कोणते बटण दाबायचे एवढेच ठाऊक असावे लागते.

यापेक्षा गंभीर प्रश्न ग्रुपचा आहे. ‘बाबांची तब्येत’ अशा नावाच्या ग्रुपमध्ये आत्या, मामा, शेजारी जमतात. प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो आणि टाकलेला रिपोर्ट कुणीही पुढे ढकलू शकतो. अ‍ॅडमिन हे सगळे थांबवील, अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केले, की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय, अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. मजकूर जाण्याआधी तो तपासण्याची सोयच त्याच्याकडे नसते. म्हणजे जबाबदारी फिरून पाठवणाऱ्याकडेच येते.

‘आजार म्हणजे काय चोरी आहे? लपवायचे कशाला?’ असे कुणी विचारील. आजार ही चोरी नाहीच, पण तो कुणाला सांगायचा, हे ठरवण्याचा हक्क पेशंटचा आहे. टीबी, मानसिक आजार, वंध्यत्व यांची कुजबुज लग्न आणि नोकरीपर्यंत पोचते. एचआयव्हीच्या बाबतीत तर 2017 च्या कायद्यानेच संमतीशिवाय माहिती उघड करण्यावर बंदी घातली आहे. दुसरा आक्षेप घाईचा. तातडीच्या क्षणी जे हाताशी येईल ते वापरावे, हे अगदी बरोबर. म्हणूनच सेटिंग आधी, निवांत वेळी करून ठेवायचे. तिसरा आक्षेप असा, की कंपनी मोफत देते म्हणजे ती काहीतरी घेतच असणार. मग सिग्नलसारखे अ‍ॅप का वापरू नये? कोण कुणाशी आणि कधी बोलले, ही माहिती त्या सांकेतिक कुलपाच्या बाहेर राहते, हे खरे आहे आणि ज्याला ते खटकते त्याने जरूर अ‍ॅप बदलावे. पण चुकीच्या ग्रुपमध्ये टाकलेला रिपोर्ट सिग्नलवरही चुकीच्याच ग्रुपमध्ये जातो. अ‍ॅप बदलल्याने सवय बदलत नाही.

तेव्हा आज पाच मिनिटे काढा. फोटो गॅलरीत उतरणे बंद करा, बॅकअपला कुलूप लावा, टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन ठेवा. रिपोर्ट एकट्या डॉक्टरला किंवा निर्णय घेणाऱ्या एकाच नातेवाइकाला डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ग्रुपमध्ये ‘तब्येत स्थिर आहे’ एवढे पुरेसे आहे. चुकून गेलेच, तर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करायला साधारण अडीच दिवस मिळतात, पण तोवर ते कुणी पाहिले असेल, हे लक्षात असू द्या. आणि पेशंट शुद्धीवर असेल, तर पाठवण्याआधी त्याला विचारा.