राइट्स ऑफ मॅन

राइट्स ऑफ मॅन (‘मानवाचे हक्क’) : टॉमस पेन (१७३७–१८०९) या इंग्रज-अमेरिकन विचारवंताचा प्रसिद्ध राजकीय ग्रंथ. त्याचा पहिला भाग मार्च १७९१ मध्ये व दुसरा फेब्रुवारी १७९२ मध्ये लंडन येथे प्रकाशित झाला. पहिला भाग जॉर्ज वॉशिंग्टन यास आणि दुसरा लाफाएत या फ्रेंच सेनानीस अर्पण केलेला आहे. निसर्गसिद्ध हक्कांची कल्पना पेनच्या पूर्वीही तत्त्वज्ञांनी मांडलेली होती; ती सामान्य कारागिरास समजेल अशा भाषेत व परवडेल अशा किंमतीत त्याच्या हाती देणे, हे या ग्रंथाचे खरे वैशिष्ट्य होय.

पेनचे वडील स्त्रियांच्या काचोळ्या बनविणारे कारागीर होते. त्यानेही काही काळ तोच व्यवसाय केला व पुढे जकात खात्यात नोकरी केली. १७७४ मध्ये तो अमेरिकेस गेला. तेथे त्याने लिहिलेल्या कॉमन सेन्स (१७७६) या पुस्तिकेने वसाहतींच्या स्वातंत्र्याच्या मागणीस मोठे बळ दिले. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर एडमंड बर्क या ब्रिटिश संसदपटूने रिफ्लेक्शन्स ऑन द रेव्हलूशन इन फ्रान्स (१७९०) या ग्रंथात परंपरा, राजपद आणि वंशपरंपरागत संस्था यांचे समर्थन केले. १६८८ च्या क्रांतीनंतर ब्रिटिश संसदेने राजघराण्याशी केलेला करार पुढील पिढ्यांसही बंधनकारक आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यास उत्तर म्हणून पेनने हा ग्रंथ लिहिला.

पेनच्या मते प्रत्येक पिढी आपल्यापुरती स्वतंत्र असते. मृतांना जिवंतांवर राज्य करण्याचा अधिकार नाही. मनुष्यास जन्मतःच काही हक्क प्राप्त होतात. त्यांपैकी जे एकट्याच्या बळावर राखता येत नाहीत, त्यांच्या रक्षणासाठी तो समाजात सामील होतो. म्हणून नागरी हक्क ही राज्यकर्त्यांची देणगी नव्हे. संविधान हे शासनाच्या आधीचे असून ते लोकांनी निर्माण करावयाचे असते. गणिती किंवा कवी वंशपरंपरेने होत नाही, तसा राज्यकर्ताही होऊ शकत नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. दुसऱ्या भागात त्याने राज्याच्या खर्चाचे हिशेब मांडून गरिबांसाठी एक योजना सुचविली. गरीब कुटुंबांतील चौदा वर्षांखालील मुलांमागे वार्षिक चार पौंड, पन्नाशीनंतर सहा व साठीनंतर दहा पौंड निर्वाहवेतन, तसेच मोठ्या जमीनदारीवर चढत्या दराने कर, या तिच्यातील प्रमुख तरतुदी होत. हे साहाय्य दान नसून हक्क आहे, असे त्याने स्पष्टपणे म्हटले. कल्याणकारी राज्याच्या कल्पनेचा हा एक आरंभीचा आराखडा मानला जातो.

पहिल्या भागाची किंमत तीन शिलिंग होती आणि त्यावर शासनाने खटला भरला नाही. दुसऱ्या भागानंतर मात्र सहा पेन्सांच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या व कारागिरांच्या मंडळांतून त्यांचे वाचन होऊ लागले. मे १७९२ मध्ये राजद्रोही लिखाणाविरुद्ध राजघोषणा निघाली व पेनवर खटला दाखल झाला. पहिला भाग विवेकी वाचकांपुरताच मर्यादित राहील असे वाटले होते. दुसरा भाग मात्र सर्व थरांतील लोकांच्या हाती दिला जात आहे, अशी भूमिका सरकारी वकिलाने न्यायालयात घेतली. शासनाला धास्ती ग्रंथातील विचारांइतकीच त्याच्या वाचकवर्गाची होती, हे यावरून दिसते. डिसेंबर १७९२ मध्ये पेनच्या अनुपस्थितीत तो दोषी ठरला. तत्पूर्वीच फ्रान्समध्ये जाऊन तो तेथील राष्ट्रीय परिषदेचा सभासद झाला होता. तेथेही सोळाव्या लूईच्या देहदंडास त्याने विरोध केला. १७९३ च्या अखेरीस त्याला अटक झाली व सु. दहा महिने तो तुरुंगात होता.

ग्रंथाच्या मर्यादाही उघड आहेत. त्यातील ‘मानव’ या कल्पनेत स्त्रियांच्या राजकीय हक्कांचा स्वतंत्र विचार नाही. ही उणीव मेरी वुल्स्टनक्राफ्ट हिच्या १७९२ मधील स्त्रियांच्या हक्कांविषयीच्या ग्रंथाने दाखवून दिली.

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातही या ग्रंथास स्थान आहे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुले यांनी तो १८४७ च्या सुमारास वाचल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. पेनचा रोख वंशपरंपरागत राजसत्तेवर होता. फुले यांनी मुख्यतः जन्मावर आधारलेल्या वर्णश्रेष्ठत्वाला व पुरोहितशाहीला आव्हान दिले. त्यांनी गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील लोकांना अर्पण केला. त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात (१८९१) निर्मिकाने स्त्री व पुरुष या दोघांनाही समान हक्क दिले आहेत, असे प्रतिपादन आढळते. पेनच्या ग्रंथात जी बाजू अपुरी राहिली होती, तिचा विचार फुले यांनी असा पुढे नेला. लोकांच्या बोलीत त्यांच्या हक्कांची मांडणी करण्याची दृष्टी मात्र दोघांच्या लेखनात समान आहे.