दोन वाटांचा सांधा

पायवाटेला आरंभ आणि शेवट असतो तो नकाशात. जमिनीला तो ठाऊक नसतो. लांब पल्ल्याची एखादी वाट जेथे संपते, तेथून पुढेही डोंगर असतात, पाणी असते आणि हौस फिटली नसेल तर चालणाऱ्याचे पायही तयार असतात. म्हणूनच जेथे जेथे अशा वाटा आखल्या गेल्या, तेथे तेथे एका वाटेच्या शेवटाला दुसरीचा आरंभ जोडून एकच मोठा प्रवास करण्याची कल्पना पदयात्रींच्या मनात आली. ऐकावयास ही कल्पना अगदी साधी, केवळ बेरजेची वाटते. परंतु दोन वाटा जोडल्या असता जे तयार होते, ते त्या दोहोंच्या बेरजेहून निराळे असते. कधी ते अधिक असते, तर कधी, नियोजन चुकले तर, उणेही असते. ही गोष्ट स्कॉटलंडमधील एका उदाहरणावरून चांगली समजते.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर फोर्ट विल्यम नावाचे एक लहान गाव आहे. दक्षिणेकडून येणारी ‘वेस्ट हायलंड वे’ ही वाट या गावात संपते आणि ईशान्येकडे जाणारी ‘ग्रेट ग्लेन वे’ ही वाट याच गावात सुरू होते. पहिली वाट १५४ किलोमीटरांची, दुसरी सुमारे १२५ किलोमीटरांची. दोन्ही मिळून ग्लासगोच्या वेशीपासून इन्व्हरनेस शहरापर्यंत सुमारे २८० किलोमीटरांची अखंड वाटचाल होते. मात्र या दोन वाटा एकाच वेळी किंवा एकाच हेतूने आखल्या गेलेल्या नाहीत. स्कॉटलंडमध्ये सर्वसामान्यांसाठी लांब पल्ल्याच्या वाटा निर्माण करण्याची कायदेशीर तरतूद १९६७ च्या ग्रामीण प्रदेशविषयक कायद्याने झाली. त्या तरतुदीखाली सिद्ध झालेली पहिली वाट म्हणजे वेस्ट हायलंड वे. तिचे उद्घाटन ऑक्टोबर १९८० मध्ये झाले. ग्रेट ग्लेन वे त्यानंतर जवळजवळ बावीस वर्षांनी, एप्रिल २००२ मध्ये खुली झाली. दोहोंचा सांधा हा चालणाऱ्यांनीच जुळवून घेतलेला आहे.

पहिली वाट ग्लासगोच्या उत्तरेस मल्गाय या उपनगरातून निघते. पहिल्या दिवशी तिच्यात डोंगराळ असे काहीच नसते. शेते, गुरांची कुरणे आणि जुन्या रेल्वेमार्गाचा भराव यांवरून ती सौम्यपणे पुढे जाते. मग ३६१ मीटर उंचीची कॉनिक हिल ही टेकडी येते आणि तिच्या खांद्यावरून लोमंड सरोवराचे दर्शन होते. स्कॉटलंडमध्ये सरोवराला ‘लॉख’ म्हणतात. लॉख लोमंड हे क्षेत्रफळाने ग्रेट ब्रिटनमधील सर्वांत मोठे सरोवर होय. त्याच्या पूर्व काठाने जाणारी वाट दिसावयास सपाट आणि चालावयास कठीण आहे. विशेषतः इन्व्हरस्नेडच्या पुढे ओली मुळे आणि घसरडे खडक यांतून चालताना तासाला दोन किलोमीटरांचीही मजल कित्येकांना पडत नाही. तेथून पुढे टाइनड्रम, मग ब्रिज ऑफ ऑर्खी आणि त्यानंतर रॅनॉखचे विस्तीर्ण माळरान लागते. दलदल, पाण्याची डबकी आणि पीट नावाचा काळा, कुजलेल्या वनस्पतींचा थर यांनी हा माळ भरलेला आहे. १८९४ साली फोर्ट विल्यमला पोहोचलेला लोहमार्ग या माळावरून नेताना जमीन एवढी मऊ निघाली, की झुडपांच्या मोळ्या, माती आणि राख यांचा तराफा करून त्यावर रूळ टाकावे लागले. माळ ओलांडल्यावर ग्लेन्को खोऱ्याच्या मुखाशी ‘डेव्हिल्स स्टेअरकेस’ म्हणजे सैतानाचा जिना चढून वाट ५४८ मीटरांवर, आपल्या सर्वोच्च बिंदूवर येते. पुढे किनलॉखलेव्हन गावात उतरून ती एका निर्जन खोऱ्यातून बेन नेव्हिस पर्वताच्या पायथ्याशी पोहोचते.

दुसरी वाट अगदी निराळ्या प्रकृतीची आहे. ग्रेट ग्लेन म्हणजे महादरी. फोर्ट विल्यमपासून इन्व्हरनेसपर्यंत स्कॉटलंडचा उत्तर भाग या दरीने जणू पट्टी लावून कापला आहे. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी भूकवचाला येथे भेग पडली आणि तिच्या दोन बाजूंचे खडक एकमेकांना घासत आडवे सरकले. या घर्षणाने भेगेतील खडकांचा चुरा झाला. हिमयुगात हिमनद्यांनी तो चुरा खरवडून नेला आणि मागे एक सरळ, खोल दरी राहिली. तिच्यात आज लॉखी, ऑइख आणि नेस ही सरोवरे एकापुढे एक ओळीने पसरली आहेत. त्यांपैकी लॉख नेसची खोली कोठे कोठे २३० मीटरांच्या आसपास आहे; इंग्लंड आणि वेल्समधील सर्व सरोवरांचे पाणी एकत्र केले तरी ते या एका सरोवरातील पाण्यापेक्षा कमी भरते.

या सरोवरांना जोडून पश्चिमेच्या समुद्रातून पूर्वेच्या समुद्रात जहाजे नेण्यासाठी टॉमस टेलफर्ड या अभियंत्याने कॅलेडोनियन कालवा बांधला. काम १८०३ साली सुरू झाले आणि कालवा १८२२ साली खुला झाला. सुमारे ९७ किलोमीटरांच्या या जलमार्गात मनुष्याने खोदलेला भाग ३५ किलोमीटरांचा आहे; बाकी सारी निसर्गाची देणगी. जहाजाला पाण्याच्या पायऱ्यांवरून चढवणारे-उतरवणारे दरवाज्यांचे हौद, ज्यांना लॉक म्हणतात, ते या कालव्यावर २९ आहेत. त्यांतील आठ फोर्ट विल्यमजवळ बॅनव्ही येथे एकाला एक लागून असून त्या रांगेला ‘नेपच्यूनचा जिना’ म्हणतात. म्हणजे जोडप्रवास करणारा मनुष्य दोन दिवसांच्या अंतराने सैतानाचा जिना चढतो आणि समुद्रदेवतेचाही!

येथवरच्या वर्णनावरून असे वाटेल, की दोन वाटांना जोडणारे एक गाव तेवढे आहे, आणखी काही नाही. वस्तुस्थिती तशी नाही. पहिली वाट ज्या जुन्या रस्त्यांवरून जाते, त्यांतील पुष्कळ रस्ते लष्करी आहेत. १७१५ च्या बंडानंतर हायलंडमधील कुळांना आवर घालण्यासाठी लंडनच्या सरकारने जनरल वेड याच्याकडून १७२५ पासून रस्ते बांधविण्यास आरंभ केला. पुढे हे काम मेजर कॉलफील्ड याने चालू ठेवले. सैतानाच्या जिन्याचा रस्ता १७५० च्या सुमारास सैनिकांनीच खोदला. हे रस्ते ज्या किल्ल्यांच्या सोयीसाठी होते, ते महादरीत होते. फोर्ट विल्यम, फोर्ट ऑगस्टस आणि इन्व्हरनेसजवळील फोर्ट जॉर्ज अशी ती साखळी. १६ एप्रिल १७४६ रोजी इन्व्हरनेसजवळच्या कलोडनच्या माळावर कुळांच्या सैन्याचा निर्णायक पराभव झाला आणि त्यानंतर त्यांची शस्त्रे, त्यांचा पोशाख आणि सरदारांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार कायद्याने काढून घेण्यात आले. पहिली वाट म्हणजे या सत्तेचे बाहू, तर दुसरी म्हणजे तिची मूठ. एकच वाट चालणाऱ्याला ही कथा अर्धी कळते.

या कथेचे उत्तरार्ध-प्रकरणही वाटेवरच वाचावयास मिळते. कुळांची व्यवस्था मोडल्यावर जमिनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी मोकळ्या होऊ लागल्या आणि माणसे देशांतराला निघाली. त्यांना मायभूमीत काम मिळावे या हेतूने पार्लमेंटने १८०३ साली दोन मंडळे नेमली. एक हायलंडमधील रस्ते व पूल यांसाठी आणि दुसरे कालव्यासाठी. दोन्हींचा अभियंता टेलफर्ड हाच होता. रॅनॉखच्या माळावरून वेस्ट हायलंड वे ज्या रस्त्याने जाते, तो टेलफर्डचा रस्ता आहे. आणि थोड्याच दिवसांनी तोच पदयात्री टेलफर्डच्या कालव्याच्या काठाने चालू लागतो. एकाच योजनेचे हे दोन तुकडे दोन वाटांत वाटले गेले आहेत.

महाराष्ट्राच्या इतिहासाशीही या वर्षाचा एक संबंध आहे. कालव्याच्या कामास ज्या १८०३ साली आरंभ झाला, त्याच वर्षी २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. तीत वेलस्लीच्या बाजूने लढलेल्या ७४ आणि ७८ क्रमांकांच्या पलटणी हायलंडर होत्या. त्यांतील ७८ वी पलटण १७९३ साली प्रथम एकत्र आली ती फोर्ट जॉर्ज येथे. ज्या मुलखातील माणसांना घरी थोपवून धरण्यासाठी कालवा खोदला जाऊ लागला, त्या मुलखातील किती तरी तरुण तेव्हा शिपाईगिरीच्या निमित्ताने दख्खनच्या मातीत पोहोचले होते.

आता व्यवहाराचा विचार. पहिली वाट सामान्यतः सात-आठ दिवसांत आणि दुसरी पाच-सहा दिवसांत पुरी होते. तेव्हा जोडप्रवासाला विश्रांतीसह दोन आठवडे लागतात. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणे श्रेयस्कर. कारण तेथील वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतो आणि तो पाठीशी राहतो, शिवाय सोपा भाग प्रथम येऊन पाय तयार होतात. मल्गाय आणि इन्व्हरनेस ही दोन्ही टोके रेल्वेने जोडलेली आहेत. फोर्ट विल्यमलाही गाडी येते. त्यामुळे ज्याला मध्येच थांबावेसे वाटेल, त्याला माघारीचा मार्ग मोकळा असतो. लांबच्या प्रवासात अशी मोकळीक असणे ही चैन नसून सुरक्षिततेची तरतूद आहे.

खरा कस लागतो तो सांध्यावर. आठवडाभर चालून फोर्ट विल्यमच्या चौकात पोहोचलेल्या मनुष्याच्या भोवती इतर लोक एकमेकांचे अभिनंदन करीत असतात; त्यांचा प्रवास संपलेला असतो. ‘झाले’ हा भाव मनात शिरतो आणि दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत. म्हणून जाणते लोक या गावाला शेवट न मानता मुक्काम मानतात आणि तेथे एक पुरा दिवस विसाव्यासाठी राखून ठेवतात. त्या दिवशी १,३४५ मीटर उंचीच्या बेन नेव्हिसचा मोह होतो. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे हे आठवून हे शिखर किरकोळ समजणे मात्र चुकीचे होईल. त्याची चढण जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते, माथा बहुतेक दिवस ढगांत असतो आणि तेथे बर्फ उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत टिकून राहते. चढावयाचे असेल तर त्यासाठी स्वतंत्र दिवस द्यावा; विसाव्याचा दिवस त्यात खर्ची घालू नये.

दुसरा कस पायांचा. खडबडीत वाटेवर प्रत्येक पाऊल निराळ्या कोनात पडते आणि भार पायाच्या सर्व भागांत वाटला जातो. कालव्याकाठची वाट सपाट आणि कठीण आहे. तीवर प्रत्येक पाऊल सारखेच पडते आणि तोच तो बिंदू हजारो वेळा दाबला जातो. खडकांतून सुखरूप आलेल्या माणसाला सपाटीवर फोड येतात ते यामुळे. उपाय साधे आहेत. पहिल्या सपाट दिवसाची मजल आखूड ठेवावी, मोजे दुपारी बदलावेत आणि टाच चुरचुरू लागताच थांबावे. शिधाही फोर्ट विल्यम येथेच भरून घ्यावा, कारण त्यानंतर मोठे दुकान सुमारे पन्नास किलोमीटरांवर, फोर्ट ऑगस्टस येथे मिळते.

मुक्कामाच्या बाबतीत स्कॉटलंडचा कायदा उदार आहे. २००३ च्या भूमिसुधारणा कायद्याने, जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही बहुतेक मोकळ्या जमिनीवरून जाण्याचा आणि तंबू ठोकून रात्र काढण्याचा अधिकार दिला आहे. लॉख लोमंडचा पूर्व काठ याला अपवाद; तेथे मार्च ते सप्टेंबर या काळात नेमलेल्या जागी किंवा परवाना घेऊनच तंबू लावता येतो. ऋतूंपैकी मे महिना सर्वांत अनुकूल. जून ते ऑगस्टपर्यंत मिज नावाची बारीक चिलटे संध्याकाळी असह्य करून सोडतात.

या जोडप्रवासावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. उंच डोंगर पाहून झाल्यावर कालव्याची सपाटी फिकी वाटते, आणि कळसानंतर पुन्हा पायरीचे वर्णन कशाला, असा प्रश्न चालणाऱ्यांपैकीच काही विचारतात. ज्याला केवळ देखाव्यासाठी चालावयाचे आहे, त्याने फोर्ट विल्यमला थांबणे हेच योग्य. परंतु दुसरी वाटही अखेरपर्यंत सपाट नाही. लॉख नेसच्या वर ती वनांतून उंच चढते, आणि ड्रम्नाड्रॉखिटपासून इन्व्हरनेसपर्यंतची शेवटची मजल सुमारे तीस किलोमीटरांची असून ती दोन्ही वाटांतील कठीण दिवसांत मोडते. ऑइख सरोवराच्या काठी ही वाट १९०३ साली सुरू झालेल्या आणि पुढे तोट्यात जाऊन बंद पडलेल्या एका रेल्वेच्या मार्गावरून जाते. कालव्याचेही तेच झाले. जहाजे मोठी झाली, फ्रान्सशी चाललेले युद्ध संपले आणि ज्या कामासाठी तो बांधला, ते काम फारसे उरले नाही. सैन्याचे रस्ते, व्यापाराचा कालवा आणि आगगाडीचा मार्ग ही सारी आज पायी चालणाऱ्यांच्या वाट्याला आली आहेत. हा अर्थ डोळ्यांना शिखरासारखा एकदम दिसत नाही. तो पावलागणिक उलगडत जातो आणि त्याला दोन आठवडे लागतात.

इन्व्हरनेसच्या किल्ल्यापाशी वाट संपते. तेथूनही उत्तरेकडे जॉन ओ’ग्रोट्सपर्यंत किनाऱ्याची एक वाट आहे, आणि ती पाहून मन पुन्हा बेरीज मांडू लागते. म्हणून निघण्यापूर्वीच दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: कोठे विसावा घ्यावयाचा आणि कोठे थांबावयाचे. हे दोन निर्णय ज्याने घरी बसून शांतपणे घेतले, त्याला सांध्यावर कोणता पाय पुढे टाकावा हे विचारावे लागत नाही.