रुईपाशी थोडं थांबा

मे महिन्यात माळावरचं गवत वाळून जातं, रुई मात्र हिरवीगार आणि फुललेली असते. पानाखाली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, पिवळे ठिपके असलेला सुरवंट दिसला, तर तो बहुधा बिबळ्या कडवा या फुलपाखराचा. अंगावर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या असतात, त्या मोजून पाहा. खाण्याआधी तो पानाची शीर कुरतडून चीक वाहून जाऊ देतो. हे बघायला मिळणं खरं भाग्याचं! रुईतली विषारी द्रव्यं अंगात साठवल्यामुळे फुलपाखरू कडू लागतं आणि पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. फुलांवर मोठा काळा भुंगा येतो. परागांच्या जोडपुड्या त्याच्या पायांना अडकून पुढच्या फुलात पोचतात. पान तोडू नका. चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते.