लोकांचं म्हणणं, सरकारदरबारी (भाग ६) : भारा, सायकल आणि ट्रकचा पास

गेल्या आठवड्यात आपण राजस्थानात होतो. १९९६ साली ब्यावरला मजदूर किसान शक्ती संघटनेनं ४० दिवस धरणं धरलं, ती गोष्ट कागद मागण्याची होती. आजची गोष्ट कागद हातात पडल्यानंतरची आहे.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटंसं गाव आहे. २००९ साली वनहक्क कायद्याखाली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. पुष्कळ आंदोलनं या ठिकाणी थांबतात. मागणी मान्य होते, गुलाल उधळला जातो, माणसं घरी जातात. मेंढ्याचं सगळ्यात अवघड काम मात्र इथून पुढे सुरू झालं.

त्या जंगलात बांबू होता. गावानं तो विकायचं ठरवलं आणि वनखात्याकडे वाहतूक परवाना मागितला. जंगलपट्ट्यात याला सगळे ‘टीपी’च म्हणतात. टीपीशिवाय बांबूचा ट्रक नाक्यावरून पुढे सरकत नाही. खात्यानं परवाना नाकारला.

कारण समजून घ्यायला हवं, कारण या प्रकरणाची गाठ तिथेच आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूही धरला होता. गवतवर्गातली ही वनस्पती कायद्यापुरती झाड झाली आणि खात्याच्या ताब्यात राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्यानं मात्र गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू नाव घेऊन लिहिला, आणि गौण वनोपजाची मालकी, ते गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क लोकांना दिला. म्हणजे एकाच बांबूबद्दल दोन कायदे दोन गोष्टी सांगत होते. त्यात भर पडली २००८ च्या नियमांची. वनोपज न्यायचं कशानं, तर नियमात शब्द होते डोक्यावरचा भारा, सायकल आणि हातगाडी. मोटारगाडी वापरायची तर जुनेच वाहतूक नियम लागू. हक्क १,८०० हेक्टरांचा आणि वाहन सायकलचं! डोक्यावरच्या भाऱ्यानं घरचं कुंपण होतं, गावाचा व्यापार होत नाही.

लोकांची बाजू सरकारपुढे मांडणाऱ्यात काय असावं लागतं, असं मला कुणी विचारलं तर मी आधी हेच सांगेन की काम नेमकं कुठे अडलं आहे ते त्याला बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. ‘सरकार ऐकत नाही’ हे वाक्य खरं असलं तरी त्याचा उपयोग नसतो. पट्टा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं मंजूर केलेला, टीपी वनखात्याच्या हातात, आणि अडथळा दिल्लीत लिहिलेल्या नियमांत. अशा वेळी तहसीलवर मोर्चा नेऊन, निवेदन देऊन, आवकचा शिक्का घेऊन परत येण्यानं काय साधलं असतं?

दुसरी गोष्ट कार्यकर्त्यांना पटायला जड जाते. टेबलापलीकडचा अधिकारी नेहमी दुष्ट असतो असं नाही; बरेचदा तो घाबरलेला असतो. नियमात नसलेला पास त्यानं फाडला तर उद्या चौकशी त्याची होणार. त्याला शिव्या देऊन तो परवाना देत नाही. ज्याच्या आधारावर त्याला सही करता येईल असा कागद वरून आणून द्यावा लागतो. मेंढ्याच्या बाबतीत तो कागद मार्च २०११ मध्ये आला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हे गौण वनोपजच धरावं असं कळवलं. पुढच्याच महिन्यात, २७ एप्रिल २०११ रोजी, ते स्वतः मेंढ्यात आले आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पास आता ग्रामसभेनं फाडायचा होता.

मंत्र्यांचा हा दौरा बातमीत दिसतो. त्यामागची वर्षं दिसत नाहीत, आणि मला त्यांचंच मोल जास्त वाटतं. १९८० च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टनम धरणांविरुद्ध जंगल बचाव, मानव बचाव आंदोलन उभं राहिलं. त्या काळापासून हे गाव विचार करत आलं आहे. देवाजी तोफा यांच्यासारखं नेतृत्व गावातून उभं राहिलं. मोहन हिराबाई हिरालाल चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’तर्फे गावाचे सोबती झाले. गावानं अभ्यासगट चालवले. तिथे कायदा वाचायचा, शंका काढायच्या, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, आणि निर्णय मात्र ग्रामसभेत, तोही बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं. एकाचं जरी पटलं नाही तरी विषय पुन्हा चर्चेला.

हे सगळं फार संथ वाटतं. मोर्चाची तारीख जवळ आलेली असताना असली चर्चा कुणाला नको होईल. पण सरकारशी बोलताना तिचं बळ कळतं. एरवी साहेबांच्या कक्षात पहिला प्रश्न येतो, ‘तुम्ही कोण? गावातले दुसरे लोक तर वेगळं सांगतात.’ एकदा फूट दिसली की फाईल बाजूला पडते. सर्वसहमतीनं झालेल्या ठरावाला ही फट नसते. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा भिंतीवर रंगवायला सोपी आहे. तिच्यामागे रात्र रात्र चाललेल्या बैठका आहेत.

बाहेरून आलेल्या सोबत्याची यात कसोटी लागते. त्याला इंग्रजी येतं, मंत्रालयातले जिने माहीत असतात, पत्रकार ओळखीचे असतात. गावाच्या वतीनं बोलून टाकणं त्याला सहज जमतं, आणि ते केलं की गाव मागच्या बाकावर जातं. माहिती पुरवायची, मत लादायचं नाही, आणि दालनात बोलायची वेळ आली की खुर्ची गावाच्या माणसाला द्यायची, हा संयम ज्याच्याकडे आहे त्याला मी या कामातला खरा जाणता समजतो.

टीपीचं पुस्तक मिळालं तरी २००८ चे नियम तसेच होते. मेंढ्याला मिळालं ते शेजारच्या गावाला आपोआप मिळणार नव्हतं. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्रानं नियम दुरुस्त केले. भारा, सायकल आणि हातगाडी हे शब्द गेले. वनोपज जंगलात आणि जंगलाबाहेर योग्य त्या वाहनानं नेता येईल असं आलं. आणि वाहतूक परवाना ग्रामसभेनं नेमलेली समिती किंवा ग्रामसभेनं अधिकार दिलेली व्यक्ती देईल, असंही त्यात लिहिलं गेलं.

पुढच्या आठवड्यात : १९६९ चा माथाडी कायदा.