वखारीतील फिरता हात

भोपाळहून नर्मदापुरमच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटरवर मंडीदीप लागते. औषधांपासून घरगुती वापराच्या जिनसांपर्यंत नाना प्रकारचा माल तेथे तयार होतो, आणि तयार झालेला माल वखारीत जाऊन पडतो. त्याच प्रदेशात दुसऱ्या प्रकारच्याही वखारी आहेत, त्या धान्याच्या. २०२० सालच्या रब्बी हंगामात मध्य प्रदेशाने सुमारे १२९ लाख टन गहू सरकारी भावाने खरेदी केला व पंजाबलाही मागे टाकले. ५० किलोच्या पोत्याचा हिशेब धरला तर ही पंचवीस कोटींहून अधिक पोती होतात. पोते कोठारात जाताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा कोणाच्या तरी पाठीवर चढते. तेव्हा वखारीतील माल उचलण्यासाठी यंत्रमानव येत आहे असे ऐकले, की पहिला प्रश्न मनात उभा राहतो तो हा की, ही पाठ त्यामुळे मोकळी होणार काय?

या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या रचनेतच दडलेले आहे. धान्याच्या वखारीत सर्व पोती सारखी असतात. तेथे निवड अशी नसते. औषधांच्या किंवा सुट्या भागांच्या वखारीत मात्र हजारो प्रकारच्या वस्तू फळ्यांवर मांडलेल्या असतात आणि मागणीप्रमाणे त्यांतील चार-दोन वेचून काढाव्या लागतात. वेचणाऱ्या कामगाराचा निम्म्याच्या आसपास वेळ नुसते चालण्यातच जातो. हे चालणे वाचविण्यासाठी २००३ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या किव्हा सिस्टिम्स या कंपनीने उलटा मार्ग धरला. माणसाने मांडणीकडे जाण्याऐवजी बुटक्या यंत्रगाड्यांनी मांडणीच उचलून माणसाकडे आणावी, अशी ती योजना. २०१२ साली ॲमेझॉनने ही कंपनी विकत घेतली. परंतु या पद्धतीला सगळी जमीन यंत्रांसाठी राखून ठेवावी लागते. भाड्याने घेतलेल्या, हंगामात भरणाऱ्या व एरवी ओस पडणाऱ्या वखारीला ती परवडत नाही. अशा ठिकाणी यंत्र आटोपशीर हवे, आणि आज येथे तर उद्या तेथे नेता येईल असे हवे.

आटोपशीरपणाचा विचार महाराष्ट्रातही झाला आहे. प्रमोद घाडगे व शाहिद मेमन यांनी २०१९ साली सुरू केलेल्या, पुण्यातील अनबॉक्स रोबोटिक्स या कंपनीने पार्सले वेगळी करणारे छोटे यंत्रमानव बनविले. पार्सलांचे कप्पे जमिनीवर पसरण्याऐवजी एकावर एक रचावयाचे आणि यंत्रानेच उंचावरच्या कप्प्यापर्यंत चढून पार्सल टाकावयाचे, ही त्यातील मुख्य कल्पना. जागा नसेल तर उंची वापरावी, हा चाळीतल्या माळ्याचाच न्याय होय.

वस्तू वेचणारे यंत्र मात्र याहून अवघड. त्याला पाया, हात, डोळा आणि पंजा अशी चार अंगे लागतात. प्रथम पायाचा विचार करू. यंत्राचा पाया ६० सेंटिमीटर रुंद आहे असे समजा. म्हणजे मध्यापासून कड ३० सेंटिमीटरवर आली. हाताने मध्यापासून १ मीटर अंतरावर ५ किलोची वस्तू धरली, तर ती कडेच्या ७० सेंटिमीटर बाहेर लोंबते. हातगाडीच्या दांड्यावर मूल बसले म्हणजे गाडी कशी उलटू पाहते, तसेच येथे होते. हाताचे स्वतःचे वजन २० किलो व त्याचा भार निम्म्या अंतरावर धरला, तर नुसता तोल राखण्यास पाया २५ किलोंचा लागतो. हालचालीतील हिसके सोसण्यासाठी त्याच्या दुप्पट-तिप्पट. येथे कुशल रचनाकार एक युक्ती करतो. बॅटरी जड असते, ती तो अगदी तळाशी बसवितो. जी वस्तू शक्ती पुरविते तीच मग तोलही सांभाळते.

आता पंजा. गुळगुळीत खोक्याला हवेच्या ओढीने चिकटणारी रबरी वाटी सर्वांत सोयीची. ४ सेंटिमीटर व्यासाच्या वाटीत ६० किलोपास्कलइतकी पोकळी निर्माण केली, तर सुमारे साडेसात किलो वजन तोलण्याइतका जोर मिळतो. सुरक्षिततेसाठी त्यातील चौथा हिस्साच, म्हणजे दोन किलोंच्या आत, हिशेबात धरणे शहाणपणाचे. भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच असल्याने तेथे हवेचा दाब मुळातच पाच-सहा टक्क्यांनी कमी आहे, हेही ध्यानी घ्यावे लागते. शिवाय प्रत्येक वस्तू वाटीला दाद देते असे नाही. २०१७ साली जपानमधील नागोया येथे ॲमेझॉनने भरविलेल्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या ‘कार्टमन’ या यंत्राने पहिला क्रमांक मिळविला. त्याला कोपराचा हात नव्हता; सरळ दांड्यांवर सरकणारी चौकट होती, आणि मनगट फिरविताच कधी वाटी, कधी चिमटा पुढे येत असे. कानपूरची आय.आय.टी. व टाटा कन्सल्टन्सी यांचा संयुक्त संघही त्या स्पर्धेत होता.

फिरत्या यंत्राची खरी कसोटी स्थलांतराच्या दिवशी लागते. नव्या वखारीचे दार अरुंद असते, फरशी उंचसखल असते, मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि धूळ डोळ्यावर व वाटीच्या गाळणीवर बसते. म्हणून यंत्राचे भाग दोन माणसांना उचलता येतील असे सुटे व्हावेत, साध्या घरगुती वीजजोडावर बॅटरी भरावी, आणि नव्या जागेचा नकाशा यंत्राने स्वतः एक फेरी मारून तयार करावा.

येथे सुरक्षिततेचा प्रश्न येतो. एका जागी बसविलेल्या यंत्राभोवती कुंपण घालता येते. फिरत्या यंत्राचे कुंपण त्याच्याबरोबरच फिरावे लागते. माणूस जवळ येताच वेग कमी करणारा किरणदर्शक आणि हाताशी येणारे लाल थांब-बटण हेच ते कुंपण. काम अडते म्हणून ते बंद ठेवण्याचा मोह होतो. त्या मोहाची किंमत भोपाळला कोणी सांगावयास नको. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरमधील रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा महिन्यांपूर्वीच बंद केलेली होती आणि वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेला होता. वखारीतील यंत्र त्या मानाने क्षुल्लक खरे. पण नियम तोच आहे. संरक्षक साधन बंद असेल तर यंत्र चालूच होऊ नये, अशी सोय रचनेतच असली पाहिजे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. ५० किलोचे पोते १ मीटरवर धरावयाचे तर वरच्याच हिशेबाने पायाला सव्वाशे किलोंहून अधिक वजन नुसत्या तोलासाठी लागते, आणि हात तितकाच दणकट केला की हा आकडा कितीतरी पुढे जातो. शिवाय गोणपाटाच्या विणीतून हवा निसटते. वाटी त्याला धरत नाही. म्हणजे आटोपशीर यंत्र हलकी खोकी वेचील. पोते मात्र हमालाच्या पाठीवरच राहील. ज्याची पाठ वाकली त्याच्याकडे हे यंत्र शेवटी जाते. ज्याचे काम हलके त्याच्या दारी आधी येते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांसाठी कायदा केला. यंत्र नव्हते तेव्हाही माणसाने माणसाचे ओझे मोजले, ही त्यातील मोलाची गोष्ट. धान्याच्या कोठाराला आज बुद्धिमान हातापेक्षा सरकता पट्टा आणि चांगली ढकलगाडी अधिक उपयोगी पडेल. आणि जेथे फिरता हात येईल तेथे वेचणाऱ्या कामगारालाच तो चालविण्याचे, दुरुस्त करण्याचे शिक्षण द्यावे लागेल. यंत्र किती लहान केले यावर अभियंत्याची हुशारी कळते. ते कोणाचे ओझे हलके करण्यासाठी आणले, यावर ते आणणाऱ्या समाजाची पारख होते.