अंगभर रामनाम

देवळात पाऊल टाकायला बंदी, तर देवाचे नाव थेट कातडीवर! छत्तीसगडमधील रामनामी समाजाने धरलेली ही वाट सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

● उगम : १८९० चे दशक, आजच्या जांजगीर-चांपा परिसरातील चारपारा गाव. प्रणेते परशुराम हे त्या काळी अस्पृश्य ठरवल्या गेलेल्या जातीतले.

● श्रद्धा : निर्गुण रामावर. मूर्ती नाही, पुजारीही नाही.

● शाई : रॉकेलच्या दिव्याची काजळी पाण्यात कालवायची आणि ‘राम राम’ ही अक्षरे सुईने एकेक टिंब टोचत उमटवायची.

● ओळख : कपाळावर रामनाम असेल तर ‘शिरोमणी’, पूर्ण कपाळ भरलेले असेल तर ‘सर्वांग’ आणि सगळे अंग गोंदलेले असेल तर ‘नखशिख’ रामनामी.

● पेहराव : रामनाम लिहिलेली पांढरी चादर, डोक्यावर मोरपिसांचा मुकुट, भजनाला घुंगरांची साथ.

● मेळा : दरवर्षी हिवाळ्यात महानदीच्या परिसरात भजनमेळा भरतो.

● आज : रोजगारासाठी शहर गाठणारे तरुण अंगभर गोंदवत नाहीत, काही जण हातावर किंवा छातीवर एखादे नाव काढून घेतात. ‘नखशिख’ रामनामी आता मोजकेच उरले असून तेही वयोवृद्ध आहेत.